वर्षाच्या आत सोडून गेले म्हणजे उपचार फोल?

हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन हे औषध रोज देतात; त्यावरचे कितीतरी रुग्ण वर्षाच्या आत निघून जातात, म्हणून उपचारच फोल, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. आधी त्यांना डोस किती मिळत होता ते बघा. दिवसाला ६० मिलिग्रॅम किंवा जास्त घेणारे कमी डोसवाल्यांपेक्षा जास्त टिकतात, हेरॉइनही कमी घेतात. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कला डोल आणि नाइसवँडर या डॉक्टरांनी भरपूर डोस दिला होता. पुढे बऱ्याच ठिकाणी हात आखडता घेतला गेला.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे इंदूरला आमच्या ओळखीतला एक मुलगा ब्युप्रेनॉर्फिन हे याच व्यसनावरचं दुसरं औषध घेतो. गोळी जिभेखाली ठेवून विरघळेपर्यंत नर्सताईंसमोर बसायचं. केंद्र उघडतं दहाला, मजूर नाक्यावरून माणसं उचलतात आठला. रोजी बुडवून किती दिवस येणार? अशांचीही नोंद 'उपचार सोडला' अशीच होते.

आणि लघवीत नशेचा अंश सापडला का, नुसत्या त्या तपासणीवर उपचाराचा निकाल लावू नका. २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात मेथाडोन चालू असताना वर्षाला हजार रुग्णांमागे ११ मृत्यू दिसले, सोडल्यावर ३६. सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे तर फारच धोक्याचे, कारण शरीराची सवय उतरलेली असते आणि माणूस हेरॉइन घेतो जुन्याच मापाने. उपचार सोडून गेलेल्यांना त्या महिन्यात निदान फोन तरी करा हो.