तिलाच विचारा
आईच्या स्तनाच्या कॅन्सरवर काय उपचार करायचे ते "डॉक्टर आणि घरचे ठरवतील, आईला कशाला टेन्शन" हे काही पटलं नाही बघा. १९७० च्या दशकात अमेरिकेत बायोप्सीसाठी (गाठीचा तुकडा काढून तपासायला) भूल द्यायचे आणि गाठ कॅन्सरची निघाली तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचे, शुद्धीवर येईपर्यंत बाईला पत्ताच नाही! रोझ कुशनर ही पत्रकार १९७४ मध्ये अडून बसली, आधी फक्त बायोप्सी करा, पुढचं मी ठरवते म्हणून, आणि १९७९ ला सरकारी तज्ज्ञ समितीनेपण दोन्ही वेगवेगळं करा असंच सांगितलं. लवकर सापडलेल्या गाठीत बऱ्याचदा नुसती गाठ काढून रेडिएशन घेतलं तरी आयुष्य पूर्ण स्तन काढल्याइतकंच मिळतं, अशा बायकांचा २० वर्षांचा फॉलोअप २००२ मध्ये छापून आलाय. मग आठवडेच्या आठवडे रेडिएशनला जाणं झेपेल का हे आईशिवाय कोण सांगणार? ताई, आईंना डॉक्टरांच्या केबिनमधे सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या प्लीज.