मदत हवी आहे: आईचा विग खऱ्या केसांसारखा कसा दिसेल?

केमोनंतर आईसाठी सिंथेटिक विग घेतलाय, पुढे लेस (केस ओवलेली बारीक जाळी) असलेला. रंग अगदी तिच्या केसांचा, पण चमक फार आहे आणि कपाळावरची कड एकसारखी दाट दिसते. खऱ्या केसांची सुरुवात कशी विरळ, जराशी वेडीवाकडी असते! चमक कमी करायला ड्राय शाम्पू बरा की टाल्कम पावडर? कडेचे केस चिमट्याने उपटून विरळ करताना लेस फाटू नये म्हणून काय काळजी घ्यायची? भांगात त्वचेच्या रंगाचा कन्सीलर टिकतो का? उष्णतेने धागा वितळतो, म्हणून स्ट्रेटनर नाही. तिची त्वचा सध्या फार नाजूक आहे, त्यामुळे गोंदही नकोच. मग विग न सरकण्यासाठी आतून कसली टोपी किंवा पट्टी घालावी? ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. तिला पुन्हा बिनधास्त बाहेर पडायचंय.