लॉक फाइल उडवा हा सल्ला देणं आता तरी बंद करा

टर्मिनल_तात्या
लिनक्सचं उबंटू असो, मिंट असो, कुणी विचारलं की ॲप्ट (सॉफ्टवेअरची पॅकेजेस टाकणारं टूल) चालत नाहीये, "कुड नॉट गेट लॉक" येतंय, की कुणीतरी धावत येऊन सांगणारच, सुडो आरएम (ॲडमिनच्या हक्काने फाइल पुसणारी कमांड) मारून /व्हार/लिब/डीपीकेजी मधली लॉक फाइल उडव. डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं टूल, आणि लॉक म्हणजे एका वेळी एकानेच काम करावं म्हणून लावलेली कडी. खाली लगेच "थँक्स भावा, चाललं". अरे चाललं म्हणजे नेमकं काय झालं? ती फाइल शून्य बाइटची असते आणि अपडेट चालू असो नसो तिथे पडूनच असते. खरं लॉक कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सांभाळतो, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मेली की तोच सोडवतो. म्हणजे एरर आलाय याचा अर्थ आत कुणीतरी जिवंत आहे. फाइल उडवून ती प्रोसेस थांबत नाही, तुमचं ॲप्ट नवीन फाइल बनवतं, तिच्यावर लॉक घेतं आणि मग दोघं एकदम पॅकेजच्या डेटाबेसमध्ये लिहायला बसतात. नवख्याला हे करायला सांगणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

रोखठोक_रूट
थिअरी मस्त आहे तात्या, पण समोरच्याला काम उरकायचंय, त्याला कर्नलचा तास नकोय. नवीन क्लाउड मशीन उभं केलं की सुरुवातीलाच मागे अनअटेंडेड अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारा प्रोग्रॅम) सुरू होतं आणि आपली स्क्रिप्ट तिथेच आपटते, मग काय हात जोडून बसायचं का. मी कायम फाइल उडवत आलोय, एक मशीन मेलेलं नाही. बिघडलंच तर डीपीकेजी कॉन्फिगर (अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करणारी कमांड) मारायचं, तरी नाही जमलं तर फॉरमॅट. होम, म्हणजे आपल्या फाइलींचा फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर असलं की विषय संपला. लॉग वाचत रात्र काढण्यात कसली मर्दुमकी?

टर्मिनल_तात्या
स्क्रिप्ट आपटते तर तिला थांबायला शिकवा की. डीपीकेजी लॉक टाइमआउट नावाचा ऑप्शन ॲप्ट 2.0 पासून आहे, म्हणजे 2020 पासून. सेकंद द्यायचे, ते गप वाट बघतं. आणि मशीन मेलं नाही हा काय पुरावा झाला? मागची प्रोसेस त्या वेळी काही लिहीत नसेल, वाचलात.

पॅकमॅन_पंथी
दोघंही डेबियनच्या, म्हणजे उबंटू-मिंटच्या घराण्याच्या, चष्म्यातून बोलताय म्हणून मध्ये पडतो. आमच्या आर्च लिनक्सवर ॲप्टच्या जागी पॅकमॅन असतो आणि तिथे डीबी डॉट एलसीके ही फाइल असणं हेच लॉक. अपडेट चालू असताना मशीन बंद पडलं तर ती मागे राहते, आपोआप जात नाही, आणि पॅकमॅन स्वतःच एररमध्ये सांगतो की दुसरा पॅकेज मॅनेजर चालू नसल्याची खात्री असेल तर ही फाइल काढून टाका. जुन्या फेडोरा लिनक्सवर आरपीएमचा (तिथल्या पॅकेज टूलचा) डेटाबेस बर्कली डीबी या प्रकारात होता तेव्हाही तसंच, अंडरस्कोरवाल्या डीबी फाइली काढायच्या आणि रीबिल्ड करायचं, फेडोरा 33 ला त्याजागी एसक्यूलाइट हा डेटाबेस आला आणि ती कटकट गेली. तेव्हा सल्ला चुकीचा नाहीये, पत्ता चुकलाय.

लॉग_वाचणारी
पंथीशी सहमत, पण रूट म्हणतो ते अजिबात पटलं नाही. हल्लीच्या ॲप्टमध्ये एररच्या त्याच ओळीत प्रोसेसचा नंबर आणि नाव छापून येतं, लोक ती अर्धीच पेस्ट करतात आणि मदत मागतात. पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) लावून बघा कोण आहे. अनअटेंडेड असेल तर चहा घ्या. खरंच अडकलेली प्रोसेस मी बघितलीय ती अशी, एका पॅकेजची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल हाताने बदललेली, त्यामुळे डीपीकेजी विचारत होतं की तुमची ठेवू का नवीन टाकू, वाय, एन, डी काय ते सांगा. आणि ती टर्मिनलची खिडकी दुसऱ्या वर्कस्पेसवर, कुणाचं लक्षच नाही. आता इथे फाइल उडवून काय मिळणार होतं? /व्हार/लॉग/ॲप्ट मधल्या टर्म लॉगच्या शेवटी बहुतेक वेळा असला प्रश्न दिसतो. उत्तर दिलं, पुढे सरकलं.

आणि फॉरमॅटचं म्हणशील तर, बऱ्याचदा मूळ दुखणं /बूट (कर्नल ठेवायची जागा) भरलेलं असणं हे असतं. जुने कर्नल साठलेत, नवीन इनिटरॅमएफएसला (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलीला) जागा नाही, कॉन्फिगर अर्धवट राहतं आणि मग साधा एडिटर टाकायला गेलात तरी तोच कॉन्फिगरचा एरर. डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) मारलं की कळतं. फॉरमॅट करून /बूट तेवढंच ठेवलंस तर काही महिन्यांनी पुन्हा तेच.

रोखठोक_रूट
पीएस, डीएफ, टर्म लॉग... एवढं सांगितलंत तर नवखा सरळ विंडोजवर परत जाईल.

लॉग_वाचणारी
तुझ्या आरएमपुढे सुडो लिहायला जमतं त्याला, पीएस नाही जमणार? आणि आरएममध्ये पाथ टाइप करताना एक स्पेस जास्त पडून भलतंच उडालं तर?

रोखठोक_रूट
बरं, स्क्रिप्टमध्ये टाइमआउट टाकतो, ते मान्य. माझ्या स्वतःच्या मशीनवर मात्र मी उडवणारच.

टर्मिनल_तात्या
तुमच्या मशीनवर काय वाट्टेल ते करा, लोकांना सांगू नका एवढंच. आणि कधी खरंच डीपीकेजीची स्टेटस फाइल (कोणती पॅकेजेस बसलीत त्याची नोंद) फाटली तर लगेच फॉरमॅटला धावू नका, शेजारीच स्टेटस-ओल्ड असते, आणि /व्हार/बॅकअप्स मध्ये आधीच्या कॉप्या असतात, त्यातली एक जागेवर ठेवा आणि मग कॉन्फिगर मारा.