ग्रानादा ते कोर्दोबा वाटेत ऑलिव्हचं एखादं गाव: मार्तोसला जावं का?

सह्यवेडा:
मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन स्पेनला जातोय. ग्रानादात तीन रात्री, मग भाड्याच्या गाडीने कोर्दोबा. मधला एक दिवस मोकळा आहे. बाबांनी आत्ताच जाहीर केलंय, "राजवाडे एकदोन पुरेत, तेल कुठं गाळतात ते दाखव." (आजोबांचा शेंगदाण्याचा घाणा होता, त्यामुळे हा विषय घरात कधी संपत नाही.) नकाशात मार्तोस नावाचं गाव सापडलं. मागे सुळका, वर किल्ला असं दिसतंय. कोणी गेलंय का? आईचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्या.

घाण्याचा_बैल:
गेलोय, आणि एकदा नाही. कामानिमित्त दोन वर्षं हाएन शहरात काढली. मार्तोस तिथून पंचवीसेक किलोमीटर, त्यामुळे रविवारी कंटाळा आला की तिकडेच.

आधी रस्ता. ग्रानादा-कोर्दोबा जुना एन-432 धरा, महामार्गावर जाऊ नका. वाटेत आल्काला ला रेआल आणि आल्काउदेते, दोन्हीकडे डोंगरावर किल्ला. आल्काउदेतेला उजवीकडे वळलात की मार्तोस. घाट असा नाही, पण दोन्ही बाजूंना टेकड्यांवर फक्त ऑलिव्ह. सुरुवातीला आपण "वा!" म्हणतो, अर्ध्या तासाने गप्प होतो, आणि तासाभराने झाडं दिसेनाशी होऊन नुसते ठिपके दिसतात. या एका हाएन जिल्ह्यात सहा कोटींच्या वर झाडं आहेत. एकेका झाडाला दोन-तीन खोडं, आणि दोन झाडांत दहा-बारा मीटर मोकळी माती. आपल्याकडचे लोक बघून म्हणतील, एवढी जागा वाया का घालवली? पाऊस कमी, म्हणून. प्रत्येक झाडाला पाण्यासाठी तेवढी माती लागते. 2022 साली पाऊस दगा देऊन गेला, तर पूर्ण स्पेनचं तेल निम्म्याहून खाली आलं.

आता सुळका. त्याला ला पेन्या म्हणतात, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर. गाव त्याच्या पायथ्याला चिकटून पसरलंय. रोमन लोकांच्या वेळी याचं नाव तुक्सी, नंतर मुसलमानी राजवट, आणि 1228 मध्ये कास्तियाचा राजा फर्नांदो तिसरा याने हा मुलूख कालात्रावा या लढवय्या साधूंच्या पंथाला दिला. वरचे बुरूज त्यांचेच, आता पडझड झालेले. गावातली एक गोष्ट मला फार आवडते: शत्रू चालून आला तेव्हा किल्लेदार बाहेरगावी होता, तर त्याच्या बायकोने सगळ्या बायकांना शिरस्त्राणं चढवून तटावर उभं केलं आणि मदत येईपर्यंत वेळ मारून नेली. खरी असो नसो, सांगतात मात्र अगदी रंगवून.

पण मार्तोसची मुख्य गोष्ट कार्वाहाल भावांची. आपलं रायगडावरचं टकमक टोक आठवा. 1312 मध्ये राजा फर्नांदो चौथा इथे आला. हुआन आणि पेद्रो या दोघा भावांवर एका सरदाराच्या खुनाचा आरोप होता. त्यांचं काही न ऐकता राजाने कडेलोटाची शिक्षा दिली. भाऊ म्हणाले, तीस दिवसांत देवाच्या दरबारात तुलाही हजर व्हावं लागेल. 7 सप्टेंबरला राजा हाएनमध्ये झोपेतच गेला, वय सव्वीस. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'एल एम्प्लासादो', म्हणजे हजर राहण्याचं समन्स लागलेला. भावांना खिळ्यांच्या लोखंडी पिंजऱ्यात कोंबून गडगडत सोडलं, तो जिथे थांबला तिथे एक दगडी क्रूस आहे, क्रूस देल योरो, रडण्याचा क्रूस. गाडीने जाता येतं, आईंना त्रास नाही.

शब्दखूण:
@घाण्याचा_बैल, पिंजरा ही नंतरच्या लोकांची भर. राजाच्या बखरीत शिक्षा आणि तीस दिवसांचं बोलावणं आहे, खिळे-बिळे नाहीत. आणि सह्यवेडा, एकच दिवस असेल तर मी त्याच जिल्ह्यातलं बाएसा हे जुनं शहर म्हणेन. ऑलिव्ह तिथेही आहेत, शिवाय वास्तुकार वांदेल्विराच्या हातचं सोळाव्या शतकातलं दगडकाम, जागतिक वारसा यादीत 2003 पासून. कवी आन्तोनियो माचादो तिथल्या शाळेत 1912 ते 1919 फ्रेंच शिकवत होता, तो वर्गही बघायला मिळतो.

घाण्याचा_बैल:
पिंजऱ्याचं मान्य, पण गावात हे बोलू नका, जेवायला मिळणार नाही!

बाएसा सुंदर आहे, वाद नाही. पण तुमच्या वाटेपासून बरंच लांब, आणि तिथे माणूस दगड बघत फिरतो. बाबांना घाणा बघायचाय ना? मार्तोस हे कष्टाचं गाव आहे. डिसेंबरात सकाळी झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या, काठ्यांनी फांद्या झोडपतायत, कुठे खोडाला यंत्र लावून झाड गदागदा हलवतायत, आणि दुपारनंतर ट्रॅक्टरांची रांग आल्मासाराकडे, म्हणजे तेलाच्या गिरणीकडे. वास सगळ्या गावात, कापलेल्या हिरव्या गवतासारखा. फळ पिक्वाल जातीचं, टोकदार. त्याला मार्तेन्या असंही म्हणतात, गावाच्याच नावावरून. तेल कडवट, घशाला चरचरतं. माझ्या घरमालकीण आजी खोकला आला की खूश व्हायच्या, "चांगलं आहे" म्हणून.

8 डिसेंबरच्या सुमारास ऑलिव्हचा उत्सव असतो. पावाला भोक पाडून त्यात ताजं तेल, सोबत खारवलेला मासा आणि ऑलिव्ह, त्याला ओयो म्हणतात. 6 आणि 8 ला सुट्ट्या आहेत, राहायचं असेल तर आधी ठरवा. आणि दुपारी दोन ते पाच सगळं बंद, तेव्हा भांडू नका, जेवा.

पेन्यावर पायवाट आहे, शेवटी उभी. तुम्ही आणि बाबा जा. आई सांता मार्ता चर्चच्या चौकात ऊन खात बसतील. त्या चर्चमध्येच कार्वाहाल भावांची कबर आहे.

सह्यवेडा:
ठरलं, मार्तोस. बाबा विचारतायत, शंभर किलोला तेल किती? आणि पेंडीचं काय करतात?

घाण्याचा_बैल:
वीसेक किलो तेल. फळ दळून मळतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, जातं आता शोभेपुरतं उरलंय. पेंड ओली, चिखलासारखी निघते. ती दुसऱ्या कारखान्यात जाते, वाळवून उरलंसुरलं तेल काढतात. बिया वेगळ्या करून शेगडीत जाळतात. माझ्या इमारतीचं पाणी दोन हिवाळे त्याच बियांवर तापलंय.