क्लायमेटला मराठीत शब्द नाही म्हणे!

रंकाळ्याकाठचा: सकाळी इथं एकानं लिहिलंय, 'हवामान म्हणजे वेदर. क्लायमेटला मराठीत शब्दच नाही, हिंदीतला जलवायू घ्या.' डोकं तापलं. शाळेतला भूगोल आठवा की! आजचं ऊन, उद्याचा पाऊस ती हवा. तीसेक वर्षांची सरासरी ते हवामान. आणि इंग्रजांचा शब्द तरी घरचा आहे का? ग्रीक 'क्लिमा' म्हणजे उतार, कल. सूर्याच्या कलावरनं ग्रीकांनी पृथ्वीचे पट्टे पाडले, त्यांचं ते नाव. पाऊसपाण्याचा अर्थ नंतर चिकटला. अरबांनी त्याचंच 'इक्लीम' केलं. आपल्या शब्दात 'हवा' अरबी, 'मान' संस्कृत. तापमान, पर्जन्यमान, तसं हवामान. काय कमी आहे त्यात?

पेठकर: ती पोस्ट माझीच. पुस्तकातलं मला सांगू नका, पंधरा वर्षं भूगोल शिकवतोय. मग भारतीय हवामान विभाग उद्याचा पाऊस का सांगतो? हिंदीत मौसम वेगळा, जलवायू वेगळा. आपल्याकडं दोन्हीला एकच शब्द, म्हणून पोरं पेपरात लिहितात, 'काल वळीव झाला, हे हवामान बदलाचं उदाहरण.' मार्क मला कापावे लागतात.

बावड्याचा भात: सर, जलवायू आमच्या तोंडात बसत नाही. 'हवा मानवत नाही', 'हवापालट', 'हवापाणी' हे आम्ही बोलतोच की, आणि त्यातली हवा एका दिवसाची नसते. सूर्य पुनर्वसूत गेला की तरणा पाऊस, पुष्यात गेला की म्हातारा. ग्रीकांनी सूर्याचा कल बघितला, आमच्या आज्यानं सूर्याचं नक्षत्र.

कुंभार गल्ली: शब्दावरनं काय भांडताय? 2019 ला पंचगंगा 55 फुटांवर गेली. वाळत ठेवलेल्या कच्च्या मूर्ती पाण्यात बसल्या. सोंडा आधी गळाल्या, मग हात. पाणी उतरल्यावर भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं रेघ मारली. 2021 ला पाणी त्या रेघेच्या वर चार बोटं! आणि साहेब लोक 'हवामान बदल' म्हणून मोकळे. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं बोला. कर्नाटक त्याची उंची 519 वरनं 524 मीटर करायला निघालंय.

पेठकर: राज्य सरकारच्या वडनेरे समितीनं 2019 च्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नव्हता. पूररेषेतली बांधकामं बघा आधी.

कुंभार गल्ली: समितीतलं कोण छातीभर पाण्यात उभं होतं? आमची गल्ली तुमच्या पूररेषेच्या आधीची. भराव टाकून अपार्टमेंट उभारली त्यांना विचारा!

बावड्याचा भात: भरावाचं खरं आहे. पण दादा, आमच्याकडं चार दिवसांत कोसळतो तो पाऊस अलमट्टीनं पाडला का? आधी महिनाभर रिपरिप असायची, रोप लागणीला सोसायचं. आता पंधरा दिवस कोरडे, मग एकदम ढगफुटीसारखा. माझा भातरोपांचा तरवा दोनदा वाहून गेला.

कुंभार गल्ली: पाऊस बदललाय, नाही कुठं म्हणतोय? पण धरणाच्या पाण्याचा मागं फुगवटाही आहे. दोन्ही लिहा.

रंकाळ्याकाठचा: धागा शब्दाचा होता, धरणावर गेला. सर, खात्याच्या नावाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, एवढं मान्य. रोजच्या अंदाजाला 'हवेचा अंदाज' म्हणा, हवामान क्लायमेटला राहू द्या. जलवायू नको.

पेठकर: खातं नाव बदलणार नाही. तोवर वर्गात मी 'दीर्घकालीन हवामान' सांगतो. जलवायूचा हट्ट सोडला, मत नाही.

कुंभार गल्ली: काहीही म्हणा. यंदा मूर्ती माळ्यावर वाळत घातल्यात.