कोंक: फ्रान्समधील एका लहान गावाचे अनुभव

पायवाट

गेल्या रविवारी माळ्यावरची ट्रंक आवरताना यात्रेकरूंची घडीची पुस्तिका सापडली, आणि तिच्यातला कोंकचा शिक्का पाहून आवरणे तसेच राहिले. २०१७ साली मी स्पेनमधील सांतियागोकडे जाणाऱ्या यात्रेच्या वाटेवर, फ्रान्समधील ल प्यूई या गावाहून पायी निघाले होते. दहाव्या दिवशी, सुमारे २०० किलोमीटर चालून झाल्यावर, संध्याकाळी या गावात उतरले. उतरले हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा, कारण शेवटची वाट खडकाळ, निसरडी आणि इतकी तीव्र उताराची आहे की अगदी डोक्यावर येईपर्यंत गाव दृष्टीस पडत नाही, आणि मग एकदम पायांखाली करड्या दगडी छपरांची गर्दी दिसते.

ऊश नावाचा ओढा जेथे दुर्दू नदीला मिळतो, तेथील घळीच्या उतारावर हे गाव वसले आहे. लॅटिन भाषेत शिंपल्याला जो शब्द आहे त्यावरून गावाचे नाव पडले, असे मानतात. पूर्वीचा हा रुएर्ग प्रांत, आजचा आव्हेरों जिल्हा. जुन्या गावात तीनशे माणसेही राहत नाहीत. मी मुक्कामाला होते त्या घराच्या पुढच्या दाराने रस्त्यावरून सरळ आत शिरता येत असे, पण मागच्या खिडकीतून पाहिले की खालच्या शेजाऱ्याचे धुराडे दिसे. ज्यांनी हे गाव पाहिले आहे, त्यांनी आपापले अनुभव येथे अवश्य लिहावेत.

तुलूजकर

आमच्याकडे भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी कोंक दाखवतो, त्यामुळे माझ्या फेऱ्यांची मोजदाद उरलेली नाही. पाहुण्यांना सर्वांत आवडते ती चोरीची हकीकत. आठव्या शतकाच्या अखेरीस येथे एका संन्याशाने वस्ती केली आणि पुढे मठ झाला. मठ आडवाटेला होता, आणि यात्रेकरू यावेत असे त्याच्याजवळ काहीच नव्हते. तेव्हा कोंकचा एक साधू आजां गावी गेला, तेथील मठात सुमारे दहा वर्षे विश्वासाने राहिला, आणि ८६६ च्या सुमारास सेंत फ्वा या बालहुतात्मा मुलीच्या अस्थी घेऊन परतला, अशी परंपरा आहे. धर्मग्रंथांच्या भाषेत याला गुपचूप स्थलांतर म्हणतात. माझ्या सासूबाईंनी मात्र ऐकताक्षणी विचारले, ‘‘आणि आजांवाल्यांनी फिर्याद केली नाही?’’

अस्थी आल्या, मागोमाग यात्रेकरू आले, दाने आली, आणि अकराव्या-बाराव्या शतकांत आजचे भव्य चर्च उभे राहिले. एवढ्याशा गावात एवढे मोठे चर्च का, याचे उत्तर या चोरीत आहे.

निळीशाई

तुलूजकर, आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार कळवावा. मला लिहायचे आहे ते त्या मुलीच्या मूर्तीविषयी. सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीची, लाकडावर सोन्याचा पत्रा मढवलेली, सिंहासनावर बसलेली आणि रत्नांनी अक्षरशः लगडलेली अशी ती आहे. मुखवटा शरीराच्या मानाने मोठा आणि करारी आहे, कारण तो मुळात कोणा प्राचीन रोमन पुतळ्याचा असून नंतर येथे बसवला गेला.

१०१३ च्या सुमारास आंजेचा बर्नार नावाचा विद्वान येथे आला, तेव्हा लोकांना मूर्तीपुढे लोटांगण घालताना पाहून त्याला ही शुद्ध मूर्तिपूजा वाटली आणि त्याने थट्टा केली. पुढे तोच तिचा निस्सीम भक्त झाला आणि तिचे चमत्कार लिहून ठेवू लागला. त्या कथांमधली फ्वा स्वप्नात येऊन बायकांकडे त्यांच्या अंगठ्या हट्टाने मागते. आमची आई हे ऐकून म्हणाली, ‘‘बारा वर्षांची पोर ती, दागिन्यांची हौस असणारच.’’ संग्रहालयात मूर्तीसमोर आईने नकळत हात जोडले, आणि दाराशी बसलेल्या बाईंनी ते पाहून मान किंचित लववली.

गुडघेदुखी

मी चालत गेलो नाही, हे प्रांजळपणे सांगतो. मोटारीने गेलो, आणि वाहनतळापासून चर्चपर्यंतच्या चढानेच माझी यात्रा पुरी केली. पत्नी गाव हिंडून आली तोपर्यंत मी पश्चिमेच्या दारासमोर दुर्बीण घेऊन दोन तास बसलो होतो. दारावरच्या कमानीत अंतिम न्यायाचे शिल्प असून त्यात १२४ आकृती आहेत. एका बाजूचा स्वर्ग नीटनेटका आणि, खरे सांगायचे तर, थोडा कंटाळवाणा आहे. नरकात मात्र शिल्पकाराचा हात मोकळा सुटलेला दिसतो. गळ्यात पैशांची थैली अडकवलेला कंजूष फासावर लटकतो आहे, घमेंडखोर सरदार घोड्यावरून डोक्यावर आपटतो आहे. कमानीच्या कडेवर दगडाची पट्टी आहे, आणि तिच्यामागून बोटांनी कड धरून काही चिमुकले चेहरे हा सारा तमाशा डोकावून पाहत आहेत. ते मला सर्वांत जवळचे वाटले. संध्याकाळचे ऊन आले, तसा तो पिवळसर दगड मधासारखा झाला आणि काही आकृतींवर जुन्या रंगाचे अंश दिसू लागले.

नदीकाठ

शिल्पाबद्दल मतभेद नाही, पण खिडक्यांबद्दल आहे. आधीच्या रंगीत चित्रांच्या काचा काढून १९९४ मध्ये तेथे सुलाज या चित्रकाराच्या १०४ खिडक्या बसवल्या गेल्या. ना रंग, ना चित्र. दुधट काच आणि तिच्यावरून तिरक्या वळणाने जाणाऱ्या काळ्या रेषा. मला पहिल्या दिवशी ते दवाखान्यातल्या काचांसारखे वाटले.

तुलूजकर

गावातही तेव्हा नाराजी होतीच. सुलाज जवळच्याच रोदेझचे, आणि लहानपणी याच चर्चमध्ये त्यांनी चित्रकार व्हायचे ठरवले होते. ती काच पारदर्शक नाही, तिच्यातून उजेड आत झिरपतो. आपण तेथे पहाटे गेला होतात का?

नदीकाठ

दुसऱ्या दिवशी गेलो. काच आधी निळसर होती, मग हळूहळू उबदार होत गेली. ‘दवाखाना’ हा शब्द मागे घेतो, पण रेषांबद्दल अजून विचार करतो आहे.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या घरमालकीणबाईंनी सांगितलेली एक गोष्ट लिहायची राहिली. फ्रेंच क्रांतीच्या काळात चर्चची संपत्ती जप्त होऊन सोने वितळवले जात होते, तेव्हा कोंकच्या लोकांनी हा ठेवा आपसांत वाटून घेऊन घरोघरी लपवला आणि धोका टळल्यावर परत आणून दिला. ती सुवर्णमूर्ती आज आपल्याला दिसते ती त्यामुळे. पुढे चर्चची पडझड झाली, आणि १८३७ मध्ये स्मारकांचे निरीक्षक मेरिमे येथे आले, त्यांच्या अहवालामुळे दुरुस्ती झाली. बाईंच्या तोंडी मात्र मेरिमेंचे नाव एकदाच आले, आणि लपवणाऱ्यांची गोष्ट रात्रीचे जेवण संपेपर्यंत पुरली.

रानफूल

यंदा ऑक्टोबरमध्ये जाण्याचा विचार आहे. गावातून पुढची वाट कशी आहे?

पायवाट

६ ऑक्टोबर हा सेंत फ्वाचा सण असतो, तेव्हा मुक्कामाची जागा आधीच राखून ठेवावी. सकाळी दुर्दूवरचा जुना दगडी पूल ओलांडला की लगेच खडा चढ लागतो. अर्ध्या वाटेवर सेंत फ्वाच्याच नावाचे छोटे प्रार्थनामंदिर आहे, आणि त्याची घंटा जाणारे यात्रेकरू वाजवतात. मी वाजवली तेव्हा धुक्यात गाव दिसत नव्हते, पण खालून कोणीतरी ओरडून निरोप दिला.