पाकिस्तानातून आलेलं सिंधी कुटुंब, उल्हासनगर : सीएएमधून अर्ज करायचा की कलम ५ मधून?

वालधुनीकाठ विचारतात :

मंडळी, एका कुटुंबाच्या नागरिकत्वाची फाइल लावायची आहे. कागदांवरून दिसतं ते असं.

नवरा (जन्म १९७९) आणि बायको (जन्म १९८३) नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हिजिट व्हिसावर थार एक्स्प्रेसने मुनाबावमार्गे आले. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, तिचा पासपोर्ट वेगळा. मुलगा २०१७ मध्ये उल्हासनगरातच जन्मला, त्याचा महापालिकेचा जन्मदाखला आहे. नवऱ्याचे वडील १९४१ चे, जन्म शिकारपूर. त्यांचा जुना पाकिस्तानी पासपोर्ट घरात आहे. बायकोचे आईवडील दोघेही फाळणीनंतर जन्मलेले.

एलटीव्ही (लाँग टर्म व्हिसा, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा) सप्टेंबर २०१४ मध्ये मिळाला, पाच वर्षांनी संपला आणि नूतनीकरण झालं थेट जून २०२१ मध्ये. म्हणजे मध्ये पावणेदोन वर्षं रिकामी. सगळ्यांचे पाकिस्तानी पासपोर्ट मुदतबाह्य आहेत. नवऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ २०१८ मध्ये आला, त्याचा एलटीव्ही चालू आहे.

कोणी म्हणतं सीएए (२०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा) सोपा, कोणी म्हणतं आधीपासून एलटीव्ही असेल तर कलेक्टर ऑफिसच, म्हणजे नागरिकत्व कायद्याचं कलम ५ बरं. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने कट-ऑफ (भारतात आल्याची शेवटची तारीख) २०२४ पर्यंत वाढला असंही कॅम्पात सगळे सांगताहेत, म्हणजे भावालाही त्यातच घालावं का? नेमकं काय करावं?

---

फाइल_ठाणे :

ताई, आधी शेवटच्या मुद्द्याचं बोलतो, कारण त्या गैरसमजापायी चुकीचे अर्ज पडताहेत.

नागरिकत्वाचा कट-ऑफ वाढलेला नाही. तो २०१९ च्या दुरुस्ती कायद्यातच लिहिलेला आहे, ३१ डिसेंबर २०१४. १ सप्टेंबर २०२५ ला नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्याच दिवशीच्या सूट-आदेशात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले असतील तर कागद नाहीत किंवा मुदत संपली म्हणून त्यांच्यावर त्या कायद्याखाली कारवाई होणार नाही, एवढंच आहे. राहू देणं वेगळं आणि नागरिक करणं वेगळं. भावाचा सीएए अर्ज भरलात तर प्रवेशाच्या तारखेवरच तो अडकेल.

नवरा-बायकोसाठी मात्र सीएएच घ्या, आणि त्याचं कारण ती पावणेदोन वर्षांची फट. नागरिकत्व कायद्याच्या व्याख्येनुसार वैध कागदांवर येऊन मुदतीपलीकडे राहिलेला माणूसही 'बेकायदा स्थलांतरित' ठरतो, आणि तसा माणूस कलम ५ (नोंदणी) किंवा ६ (नॅचरलायझेशन) खाली अर्जच करू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने २०१४ पर्यंत आलेल्या या समाजांना त्या व्याख्येतून बाहेर काढलं. कट-ऑफच्या आत आलेल्याची एलटीव्हीची फट त्यामुळे जीवघेणी राहत नाही.

फॉर्म कुठला? नवऱ्याला दोन पर्याय आहेत. वडील अविभाजित भारतात जन्मले म्हणून तो 'भारतीय वंशाचा', त्याला २ए चालेल. त्यात सात वर्षांचं वास्तव्य आणि वडिलांच्या जन्मस्थळाचा पुरावा लागतो. नाहीतर ८ए, म्हणजे नॅचरलायझेशन, दीर्घ वास्तव्यावरून नागरिकत्व : शेवटचे १२ महिने सलग आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ५ वर्षं. बायकोला ८ए हाच सरळ मार्ग. माझं मत विचाराल तर दोघांनाही ८ए भरा. वडिलांच्या पासपोर्टवर नावाचं एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल तर २ए मध्ये तोच वादाचा मुद्दा होऊन बसतो, आणि यांना त्याची गरजच नाही.

८ए मध्ये आठव्या अनुसूचीतली एक भाषा येते असं घोषणापत्र द्यायचं असतं. सिंधी १९६७ पासून अनुसूचीत आहे, तेव्हा मराठी किंवा हिंदी लिहिता येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

अर्ज ऑनलाइन, इंडियन सिटिझनशिप ऑनलाइन पोर्टलवर, प्रत्येकाचा वेगळा, फी ५० रुपये. यात निर्णय कलेक्टरांकडे नसतो. जिल्हास्तरीय समिती डाक अधीक्षकांच्या हाताखाली असते. मूळ कागद तिथे तपासतात, निष्ठेची शपथ तिथेच होते. नंतर फाइल राज्याच्या अधिकारप्राप्त समितीकडे जाते, तिचे प्रमुख जनगणना संचालक. निर्णय त्यांचा. बोलावणं आलं की अर्जदाराने स्वतः हजर राहायचं. वारंवार संधी देऊनही न गेल्यास जिल्हा समिती 'नामंजुरीचा विचार व्हावा' म्हणून फाइल वर पाठवते. पोर्टलला जोडलेला मोबाइल नंबर मधल्या काळात बदलू देऊ नका. बोलावणं कळलंच नाही, अशी बरीच प्रकरणं त्यामुळेच होतात.

---

जरीपटका_वकील :

वरचं बरोबर आहे. भावाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण या कुटुंबात सगळ्यात नाजूक फाइल त्याची आहे.

वडील एकच, तेव्हा भावालाही 'भारतीय वंशाचा' म्हणून कलम ५(१)(ए) लागू. साधा फॉर्म २. अट सात वर्षांची : अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून ६ वर्षं. त्या १२ महिन्यांत आजारी नातेवाइकाला भेटायला म्हणूनसुद्धा बाहेर जाऊ नये. विशेष परिस्थितीत ३० दिवसांपर्यंतची सूट केंद्र सरकार देऊ शकतं, पण तिच्या भरवशावर तिकीट काढू नका.

थोरल्याला फट माफ आहे. धाकट्याला नाही. म्हणून आजच त्याच्या एलटीव्हीचे सगळे आदेश तारखेने लावून बघा. पहिला व्हिसा कोणत्या तारखेला संपला आणि एलटीव्ही कोणत्या तारखेपासून दिला? नूतनीकरणाच्या आदेशात 'पासून' ची तारीख जुन्या मुदतीच्या दुसऱ्या दिवसाची आहे की आदेश निघाला त्या दिवसाची? लोक 'पर्यंत' ची तारीख बघून घडी घालून ठेवतात, 'पासून' कुणी वाचत नाही. मध्ये दोन महिने सुटलेले निघाले तर अर्जाआधी एफआरओकडे (परकीय नागरिकांची नोंदणी करणारं कार्यालय) लेखी मागणी करून तो काळ नियमित करून घ्या. या समाजांसाठी उशिराचा दंड नाममात्र आहे. पैसे भरल्याची पावती पुरेशी नाही, सुधारित आदेश हातात घ्या.

जागेचाही प्रश्न आहे. पहिली नोंद जोधपूरला आणि राहणं उल्हासनगरला, असं असेल तर एलटीव्हीची फाइल ठाण्याला वर्ग झालेली हवी. नसेल तर पोलीस पडताळणी जुन्या पत्त्यावर जाते, तिथे माणूस सापडत नाही, आणि 'पत्त्यावर आढळून आला नाही' असा शेरा पडतो. तो शेरा पुसायला मूळ अर्जापेक्षा जास्त वेळ लागतो.

भावाचा अर्ज ठाणे कलेक्टरांकडे. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथल्या कलेक्टरांना या सहा समाजांच्या अर्जांवर स्वतः निर्णय द्यायचे अधिकार मिळाले, आणि २०१८ मध्ये ते पुढील आदेशापर्यंत चालू ठेवले. बाकीच्या जिल्ह्यांचे अर्ज राज्याच्या गृहसचिवांकडे जातात, म्हणून जळगावचा माणूस मंत्रालयाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. ऑनलाइन भरल्यावर छापील प्रत आणि मूळ कागद कलेक्टर कचेरीत द्यायचे, आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायचा. पोलिसांचा आणि गुप्तवार्ता विभागाचा अहवाल आल्याशिवाय टेबल हलत नाही. महिन्यातून एकदा आवक क्रमांक टाकून साधं विचारणापत्र द्या, तोंडी चौकशीची कुठेच नोंद राहत नाही.

---

दप्तरी :

कागदांचं थोडं. सीएएच्या अर्जाला तीन प्रकारचे कागद लागतात आणि प्रत्येक प्रकारातला किमान एक हवाच.

पहिली यादी राष्ट्रीयत्वाची : पाकिस्तानी पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, तिथलं ओळखपत्र, जमिनीचे कागद. आईवडील, आजोबा-पणजोबा त्या देशाचे नागरिक होते हे दाखवणारा कागदही चालतो. दुसरी प्रवेशाची : व्हिसा आणि इमिग्रेशनचा शिक्का, एफआरओची नोंदणी, इथला भाडेकरार, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुक वगैरे. यातला कागद ३१ डिसेंबर २०१४ किंवा त्याआधीचा हवा. यांच्याकडे मुनाबावचा शिक्का असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. तिसरा प्रकार म्हणजे धर्माबद्दलचं पात्रता प्रमाणपत्र, समाजाच्या स्थानिक प्रतिष्ठित संस्थेचं. उल्हासनगरात पंचायती आणि दरबार आहेत, अडचण येऊ नये, पण लेटरहेडवर तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा बघून घ्या.

याशिवाय अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र आणि त्याच्या वर्तणुकीबद्दल एका भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र.

पासपोर्ट मुदतबाह्य आहेत म्हणून काळजी नको, पहिल्या यादीतला कागद मुदत संपलेला असला तरी ग्राह्य धरतात असं नियमांतच आहे.

त्रास होतो तो नावांचा. पाकिस्तानी पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं नाव असतं, इथल्या आधारवर 'लाल' किंवा 'कुमार' वेगळा झालेला असतो, आणि शाळेने मुलीच्या नावापुढे भलतंच काहीतरी जोडलेलं असतं. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच भरायचं, अक्षर न् अक्षर. बाकीची रूपं 'हीच व्यक्ती' अशा एकाच प्रतिज्ञापत्रात एकत्र आणायची. आधी आधार दुरुस्त करून मग अर्ज, असं करू नका. त्याने आणखी एक चौथं रूप तयार होतं.

आणि मतदार यादीत कुणाचं नाव असेल तर आत्ताच सांगा. फॉर्म ६ वर 'मी भारतीय नागरिक आहे' असं सही करून लिहून द्यावं लागतं, आणि ते खोटं ठरलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली गुन्हा होतो. एलटीव्हीवर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक खातं रीतसर मिळतं. मतदार ओळखपत्र मिळत नाही. कुणी एजंट करून देतो म्हणाला तर त्याला दारातही उभं करू नका.

---

वालधुनीकाठ :

मतदार यादीत कुणी नाही, खात्री केली. भावाचे आदेश काढले : २०२० चं नूतनीकरण जुन्या मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून आहे, पण पहिला व्हिसा आणि एलटीव्ही यांच्यात ४१ दिवस दिसताहेत.

दोन गोष्टी राहिल्या. मुलगा इथे जन्मला, तो भारतीय नाही का? आणि पाकिस्तानी नागरिकत्व सोडल्याचा दाखला त्यांच्या उच्चायुक्तालयातून आणावा लागेल का?

---

जरीपटका_वकील :

ताई, ते ४१ दिवस आधी. एलटीव्हीचा अर्ज व्हिसा चालू असतानाच दिला होता का, याची पोच शोधा. असेल तर तिची प्रत जोडून 'निर्णयाधीन काळ नियमित समजावा' असा अर्ज एफआरओला द्या. नसेल तर नाममात्र दंड भरून ते नियमित करून घ्या. आदेश मिळेपर्यंत फॉर्म २ भरू नका.

मुलगा : ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्म एवढ्यावर नागरिकत्व मिळत नाही. आईवडील दोघे नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. २०१७ मध्ये दोघेही पाकिस्तानी होते, म्हणून जन्मदाखला असूनही तो कागदोपत्री परदेशी. त्याची एफआरओकडे नोंद झाली आहे का बघा, पुष्कळ घरांत ती राहून गेलेली असते.

इथे कायद्यात एक महत्त्वाची ओळ आहे. कलम ६बी (सीएएने आणलेलं कलम) खाली प्रमाणपत्र मिळालेला माणूस भारतात प्रवेश केल्याच्या दिवसापासून नागरिक मानला जातो. मग आईवडील नोव्हेंबर २०१३ पासून नागरिक ठरले तर २०१७ चा मुलगा जन्मानेच नागरिक, असं वाचता येतं, आणि माझ्या मते तसंच वाचायला हवं. पण कचेरीत हे गृहीत धरून चालू नका. आईवडिलांची प्रमाणपत्रं हातात आली की दोन्ही मुलांसाठी अज्ञान मुलांचा अर्ज भरा, मुलाच्या अर्जासोबत हा मुद्दा लेखी जोडा. मुलगी अज्ञान आहे तोवर तिला ४ए, म्हणजे सीएएखालचा अज्ञान मुलांचा फॉर्म, चालेल. १८ पूर्ण झाली की तो दरवाजा बंद होतो आणि तिला स्वतःचा स्वतंत्र अर्ज करावा लागेल, तेव्हा तिच्या वाढदिवसावर लक्ष ठेवा.

दाखल्याचं : सीएएच्या अर्जातच घोषणा असते की मंजुरी मिळाल्यास आधीचं नागरिकत्व कायमचं सोडलं असं समजावं. उच्चायुक्तालयात जायची गरज नाही. भावासाठीही पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांकडून दाखल्याऐवजी प्रतिज्ञापत्र स्वीकारायची सवलत केंद्राने दिलेली आहे. टेबलावर कुणी दाखलाच मागितला तर त्या सवलतीचा लेखी उल्लेख करून प्रतिज्ञापत्र द्या आणि पोच घ्या. या समाजांबाहेरच्या अर्जदारांना ही सवलत नाही, आणि पाकिस्तानच्या कायद्यात २१ वर्षांखालच्याला नागरिकत्व सोडताच येत नाही. तिथे मुलं दोन्हीकडून लटकतात.

---

फाइल_ठाणे :

एक राहिलं. प्रमाणपत्र डिजिटल येतं. शाईच्या सहीची प्रत हवी असेल तर अर्जातच तसा पर्याय निवडावा लागतो, तो निवडा, पुढे पासपोर्टच्या वेळी उपयोगी पडते. आणि दोघांचे एलटीव्ही सीएएचा निकाल लागेपर्यंत संपू देऊ नका. अर्ज प्रलंबित आहे म्हणून नूतनीकरण आपोआप होत नाही.